मिररमध्ये एक ड्राइव्ह जोरात, दुसरा हळू : सर्व्हर अडकायला लागला की काय काय तपासायचं

हे दोन ड्राइव्हच्या मिररबद्दल आहे, म्हणजे दोन ड्राइव्हवर एकच माल ठेवणाऱ्या जोडीबद्दल. आधी लक्षणं. यातली दोन-तीन तुमच्या मशीनवर दिसत असतील तर पुढे वाचा. नसतील तर तुमचा आजार वेगळा आहे.

– मोठी फाइल कॉपी करताना पहिले दोन-तीन जीबी सुसाट जातात, मग पट्टी जागेवर थांबते. थोडी सरकते, परत थांबते.
– प्रोसेसर जवळजवळ रिकामा, पण 'टॉप' कमांडमध्ये लोड आठ-दहावर आणि 'डब्ल्यूए'चा, म्हणजे ड्राइव्हची वाट बघण्यात गेलेल्या वेळेचा, आकडा तीस-चाळीस टक्के.
– टॅलीत व्हाउचर सेव्ह करताना किंवा फोटोंचा कॅटलॉग बंद करताना खिडकी पाच-सात सेकंद पांढरी पडते.
– महिन्यातल्या एकाच रविवारी सगळं मंद चालतं, मंगळवारपर्यंत आपोआप सुधारतं.
– एक ड्राइव्ह अधूनमधून मिररमधून बाहेर पडतो. परत जोडला की आठ-पंधरा दिवस गुण्यागोविंदानं चालतो.
– आणि सगळ्यांत नेहमीची तक्रार : 'एसएसडी टाकली तरी मशीन होतं तसंच आहे.'

मी कोल्हापूर, इचलकरंजी, जयसिंगपूर या पट्ट्यातल्या छोट्या ऑफिसांचे लिनक्स सर्व्हर बघतो. सीएंची ऑफिसं, फोटो स्टुडिओ, यंत्रमागवाल्यांचे हिशेब. गेल्या काही वर्षांत हे दुखणं इतक्या वेळा हाताळलंय की फोनवर आवाज ऐकूनच अंदाज येतो. सुरुवात बहुतेक ठिकाणी सारखीच. दोन हार्ड डिस्कांचा मिरर सात-आठ वर्षं इमानानं चाललेला असतो. त्यातली एक जाते. दुकानदार म्हणतो, आता हार्ड डिस्क कशाला घेताय, एसएसडी घ्या. मिररला काय, जागा पुरेशी असली की तो कुठलाही ड्राइव्ह पोटात घेतो, वेग विचारत नाही. सिंक, म्हणजे जुन्यावरचा माल नव्यावर उतरवणं, पूर्ण होतं, सगळे खूश. आणि महिन्याभरात फोन.

पुढचं सगळं लिनक्सच्या 'एमडी' रेडबद्दल, म्हणजे ड्राइव्ह एकत्र जुंपणाऱ्या लिनक्सच्याच सोयीबद्दल आहे, कारण माझ्याकडे तेच असतं. कमांडची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत, टर्मिनलमध्ये अर्थातच रोमन लिपीत टाइप करायची.

आधी एवढं समजून घ्या

मिररवर काही लिहिलं की ते दोन्ही ड्राइव्हवर जातं, आणि दोन्हींकडून 'झालं' आल्याशिवाय मिरर तुमच्या प्रोग्रॅमला 'झालं' सांगत नाही. म्हणजे लिखाणाचा वेग हळू ड्राइव्हचा. खिलारी बैलाशेजारी म्हातारा बैल जुंपला तर नांगर म्हाताऱ्याच्या चालीनंच चालणार.

हळू म्हणजे किती? मिनिटाला ७,२०० फेरे मारणाऱ्या डिस्कची एक फेरी ८.३३ मिलिसेकंदांची. हवी ती जागा हेडखाली यायला सरासरी अर्धी फेरी, म्हणजे ४ मिलिसेकंदांच्या वर. त्यात हेड सरकायचा वेळ मिळवला की इकडेतिकडे विखुरलेली छोटी लिखाणं सेकंदाला शंभराच्या आसपास होतात. मदरबोर्डला साटा केबलनं जोडलेली साधी एसएसडी हेच काम सेकंदाला हजारोंनी करते. सलग मोठी फाइल लिहिताना हा फरक तीन-चारपटींचा असतो, पण छोट्या-छोट्या नोंदी करताना शेकडोपटींचा. टॅली नेमक्या छोट्या नोंदी करतं.

आणि पहिले दोन-तीन जीबी सुसाट का जातात? कारण ते ड्राइव्हवर गेलेलेच नसतात, रॅममध्ये साठलेले असतात. न लिहिलेला माल उपलब्ध रॅमच्या साधारण २० टक्क्यांवर गेला की लिनक्स लिहिणाऱ्याला थांबवतो. १६ जीबी रॅमवर हा आकडा तीन जीबीच्या आसपास येतो. पट्टी पळते तेव्हा ती रॅमचा वेग दाखवते. अडकल्यावर दाखवते तो तुमच्या ड्राइव्हचा खरा वेग.

म्हणजे मिरर हळू ड्राइव्हच्या चालीनं लिहितो, यात बिघाड काही नाही, तो तसाच बनवलाय. बिघाड कधी म्हणायचा? हळू ड्राइव्ह स्वतःच्या नेहमीच्या चालीपेक्षाही हळू चालत असेल तेव्हा, किंवा ज्याला तुम्ही वेगवान समजताय तोच अडवत असेल तेव्हा. सगळी तपासणी याच दोन गोष्टी शोधायला आहे.

फुकट तपासण्या, बसल्या जागी

प्रॉक फोल्डरमधली 'एमडीस्टॅट' फाइल उघडून बघा. चौकटी कंसात दोन 'यू' दिसले पाहिजेत. एक 'यू' आणि एक खालची रेघ असेल तर तुमचा मिरर मिरर राहिलेलाच नाही, एका ड्राइव्हवर चाललाय. असं असेल तर वेगाची चर्चा बंद. आधी बॅकअप घ्या, मग कुठला ड्राइव्ह बाहेर पडला आणि का, ते शोधा. खाली केबल आणि टाइमआउटचे भाग आहेत, थेट तिकडे जा.

दोन्ही 'यू' आहेत, पण 'रीसिंक', 'रिकव्हरी' किंवा 'चेक' असं टक्क्यांसह लिहिलेलं दिसतंय? मग काही करू नका, वाट बघा. चार टीबीची डिस्क सेकंदाला १५० एमबीच्या वेगानं टोकापासून टोकापर्यंत वाचायची तर साडेसात तास लागतात, आणि शेजारी ऑफिसचं काम चालू असेल तर दीड-दोन दिवससुद्धा. डेबियन आणि उबुंटू या लिनक्सच्या प्रकारांवर ही 'चेक' तपासणी वर्षानुवर्षं महिन्याच्या पहिल्या रविवारी मध्यरात्रीनंतर आपोआप सुरू होत आलीय. लग्नसराईत रविवारी रात्रीच स्टुडिओवाले कॅमेऱ्याची कार्डं रिकामी करत असतात, म्हणून 'रविवारचा आजार' मला नेहमी स्टुडिओकडूनच कळतो. ती तपासणी बंद करू नका. वाचता न येणारे सेक्टर, म्हणजे ड्राइव्हवरचे डेटाचे छोटे कप्पे, तिच्यामुळेच वेळेवर सापडतात. तिचा दिवस बदला, किंवा कामाच्या वेळात तिचा वेग बांधा. रेडच्या 'स्पीड लिमिट मॅक्स'चा मूळ आकडा सेकंदाला २,००,००० केबी असतो, तो ५०,००० वर आणला की माणसांना काम करता येतं.

दुसरी फुकट तपासणी : मंद नक्की काय आहे, ड्राइव्ह की नेटवर्क? गिगाबिट लॅनवरून उत्तम परिस्थितीत सेकंदाला ११० एमबीच्या आसपास मिळतात. म्हणजे सलग मोठी फाइल टाकताना धडधाकट हार्ड डिस्कसुद्धा लॅनपेक्षा वेगवान असते. चाचणी सर्व्हरच्या खुर्चीवर बसून करा, आपल्या लॅपटॉपवरून वायफायनं करू नका. एकदा मी अर्धा दिवस मिरर चाळत बसलो आणि शेवटी स्विचमधली वायर १०० एमबिटवर अडकलेली निघाली. त्या दिवसाचे पैसे मागायची हिंमत झाली नाही.

कोण अडवतंय ते बघा

ही पायरी लोक गाळतात आणि थेट सेटिंगला हात घालतात. सिसस्टॅट पॅकेजमधली 'आयोस्टॅट' कमांड एक्स पर्यायासह दोन-दोन सेकंदांनी चालू ठेवा आणि दुसऱ्या खिडकीत नेहमी अडकणारं काम करा. मिररमधल्या दोन्ही ड्राइव्हच्या ओळी शेजारी-शेजारी बघा. सेकंदाला किती लिखाणं झाली हा आकडा दोन्हींचा जवळपास सारखाच येईल, तो मिररच आहे. डोळा ठेवायचा तो 'डब्ल्यू-अवेट'वर, म्हणजे एका लिखाणाला सरासरी किती मिलिसेकंद थांबावं लागलं त्यावर.

एसएसडीचा अर्धा-एक आणि हार्ड डिस्कचा पंधरा-तीस असेल, तर गाडी अपेक्षेप्रमाणे चाललीय. हार्ड डिस्कचा आकडा शेकड्यांत किंवा हजारांत जात असेल तर डिस्कला काहीतरी झालंय. आणि कधीकधी आकडे उलटे येतात.

जयसिंगपूरच्या स्टुडिओत नेमकं हेच झालं. टेबलाखाली सर्व्हर, त्यावर अल्बमच्या खोक्यांचा ढीग. स्टुडिओतला पोरगा म्हणाला, "दादा, पट्टी आधी पळती आन् मग बसतीया बघा." मीही मनात हार्ड डिस्कला दोषी ठरवून गेलो होतो. आयोस्टॅट लावलं, त्यानं ६४ जीबीचं कार्ड ओतायला घेतलं. पहिली दोन-तीन मिनिटं एसएसडी एक मिलिसेकंदाच्या आत, डिस्क बावीस-पंचवीसवर. मग एसएसडीचा आकडा चढायला लागला. चाळीस. नव्वद. तीनशे चाळीस. हार्ड डिस्क शेजारी वीस टक्के कामावर, जवळजवळ रिकामी. म्हातारा बैल उभा राहून खिलाऱ्याची वाट बघत होता.

कारण असं. स्वस्त क्यूएलसी एसएसडीत, म्हणजे एकेका पेशीत चार-चार बिट कोंबणाऱ्या एसएसडीत, वरचा थोडा भाग वेगानं लिहायला राखलेला असतो. तो भरला की आतला खरा वेग उघडा पडतो, आणि काही एसएसडींचा तो सेकंदाला शंभर एमबीच्याही खाली असतो. त्यात आणखी एक भानगड : नवीन ड्राइव्ह मिररमध्ये घातला की पहिल्या सिंकमध्ये तो टोकापर्यंत लिहिला जातो. फाइलसिस्टिम अर्धी रिकामी असली तरी एसएसडीच्या हिशेबी ती पूर्ण भरलेली. म्हणून सिंक झाल्यावर कुठली जागा रिकामी आहे ते एसएसडीला कळवणारी 'एफएसट्रिम' कमांड एकदा चालवा आणि तिचा आठवड्याचा टायमर चालू आहे का ते बघा. त्या स्टुडिओत एवढ्यानं निम्मं काम झालं. उरलेलं निम्मं पुढे टीएलसी (पेशीत तीनच बिट) आणि स्वतःची डीरॅम मेमरी असलेली एसएसडी घेतल्यावर.

दीडशे रुपयांची तपासणी

आकडे हार्ड डिस्ककडे बोट दाखवत असले तरी लगेच नवी घ्यायला धावू नका. आधी केबल.

कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) लॉगमध्ये 'साटा लिंक अप' शोधा. ६ गिगाबिट दिसायला हवं. जुन्या मदरबोर्डवर ३ असेल, चालेल, हार्ड डिस्कला तेवढं पुरतं. एसएसडीला मात्र तिथं पावणेतीनशे एमबीच्या वर जाता येत नाही. १.५ दिसलं तर समजा की जोडणीत गडबड झाल्यामुळे दोघांनी वेग कमी करून घेतलाय. 'हार्ड रीसेटिंग लिंक' अशा ओळी दिवसातून दहा-वीस वेळा येत असतील तर शंकाच नको.

मग ड्राइव्हनं स्वतःच्या तब्येतीच्या ठेवलेल्या नोंदी, म्हणजे 'स्मार्ट', दाखवणाऱ्या स्मार्टसीटीएल कमांडनं १९९ नंबरची नोंद बघा, सीआरसी त्रुटींची. ही वाढली म्हणजे डेटा केबलमधून जाताना बिघडतोय. ड्राइव्हच्या तबकड्यांचा यात बहुतेक वेळा दोष नसतो. हा आकडा एकदा वाढला की परत शून्य होत नाही, त्यामुळे जुना मोठा आकडा बघून घाबरू नका. आज किती आहे ते कागदावर लिहा, चार दिवसांनी परत बघा. वाढला तर केबल बदला, पोर्ट बदला. आमच्याकडे पावसाळ्यात दमट हवेनं आणि इचलकरंजीत सुताच्या धुळीनं कनेक्टर खराब होतात. नुसतं काढून, पुसून परत घट्ट बसवल्यानंही दोन-तीन ठिकाणी भागलंय.

एक ड्राइव्ह यूएसबीवर असेल तर तो आधी आत घ्या. यूएसबी २ वर प्रत्यक्षात सेकंदाला तीस-चाळीस एमबी मिळतात. मिररचा अर्धा भाग बाहेर लटकत्या वायरवर ठेवणं मला पटत नाही. झाडूवाल्या मावशींचा धक्का लागला की रीसिंक.

मशीन उघडायच्या आधी दोन्ही ड्राइव्हचे सिरीयल नंबर सॉफ्टवेअरमधून लिहून घ्या आणि उघडल्यावर स्टिकरशी ताडून बघा. लिनक्सनं ड्राइव्हला दिलेलं नाव बूट झाल्यावर 'एसडीए'चं 'एसडीबी' होऊ शकतं, सिरीयल नंबर बदलत नाही. एक पाय आधीच मोडलेल्या मिररमधून धडधाकट ड्राइव्ह उपसून काढणारे महाभाग मी पाहिलेत. एकदा तो महाभाग मीच होतो.

ड्राइव्ह आजारी आहे, की फक्त हट्टी?

स्मार्टमध्ये ५, १९७ आणि १९८ या नोंदी बघा : बदललेले सेक्टर, अडकलेले सेक्टर, वाचता न आलेले सेक्टर. १९७ शून्य नसेल आणि वाढत असेल तर बॅकअप ताजा आहे ना ते बघा आणि नवीन ड्राइव्ह मागवा. तिथे ट्यूनिंग करत बसू नका. मग स्मार्टचीच लांबलचक ('लाँग') चाचणी लावा. ती ड्राइव्ह आतल्या आत करतो, काही तास घेतो, काही पुसत नाही.

तिन्ही शून्य, तरी ड्राइव्ह अधूनमधून मिररमधून बाहेर? मग टाइमआउटचा झगडा बघा. हे प्रकरण फारसं कुणाला माहीत नसतं, म्हणून जरा सविस्तर. घरगुती ड्राइव्हला एखादा सेक्टर वाचता आला नाही तर तो हट्टानं पुन्हा-पुन्हा प्रयत्न करतो, कधी दोन-दोन मिनिटं. एकट्या ड्राइव्हला तेच शोभतं, कारण दुसरी प्रत नसते. पण लिनक्स डीफॉल्टनं फक्त ३० सेकंद थांबतो. तेवढ्यात उत्तर नाही आलं तर लिंक रीसेट करतो, आणि मिरर त्या ड्राइव्हला मेला समजून बाहेर काढतो. ड्राइव्हनं लवकर 'नाही वाचता येत' एवढं सांगितलं असतं, तर मिररनं दुसऱ्या प्रतीवरून तो सेक्टर वाचून इथे परत लिहिला असता, विषय संपला असता. सर्व्हर आणि नॅससाठीचे (नेटवर्कवर फाइली ठेवणाऱ्या पेटीसाठीचे) ड्राइव्ह म्हणूनच साधारण ७ सेकंदांत हार मानतात. या सोयीचं नाव ईआरसी. स्मार्टसीटीएलच्या 'एससीटी-ईआरसी' पर्यायानं ती चालू आहे का ते विचारता येतं. आकडा सेकंदाच्या दहाव्या भागात असतो, म्हणजे सात सेकंदांसाठी ७०. ड्राइव्ह ही सोय देतच नसेल तर उलट करा : त्या ड्राइव्हसाठी लिनक्सचाच टाइमआउट १८० सेकंद करा. दोन्ही सेटिंगं मशीन बंद-चालू झाल्यावर उडू शकतात, म्हणून बूटच्या वेळी चालणाऱ्या स्क्रिप्टमध्ये टाका.

कौलारू डिस्क

स्मार्ट स्वच्छ, केबल नवी, लिंक ६ वर, आणि तरीही थोडं काम झालं की हार्ड डिस्कचा डब्ल्यू-अवेट हजार-दोन हजार मिलिसेकंद? मग मॉडेल नंबर घेऊन कंपनीच्या तांत्रिक पत्रकात बघा : सीएमआर (डेटाचे पट्टे शेजारी-शेजारी) की एसएमआर.

एसएमआरमध्ये डेटाचे पट्टे कौलांसारखे एकमेकांवर चढवलेले असतात, म्हणून तेवढ्याच तबकडीवर जास्त माल बसतो. पण मधलं एक कौल बदलायचं तर वरची कौलं उचलावी लागतात. त्यासाठी डिस्क आलेलं लिखाण आधी एका राखीव पट्ट्यात टाकते आणि मोकळा वेळ मिळाला की जागेवर नेऊन बसवते. मिररच्या रीसिंकमध्ये किंवा दिवसभर छोटी लिखाणं चालू असताना तो मोकळा वेळ मिळत नाही, पट्टा भरतो, आणि मग डिस्क अक्षरशः बसते. ओळखायची खूण : सगळं काम थांबवल्यावरही आतून बराच वेळ घुरघुर चालू राहते.

हे खोक्यावर लिहिलेलं असेलच असं नाही. २०२० मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या रेड मालिकेतले, म्हणजे नॅससाठी म्हणून विकले जाणारे काही ड्राइव्ह एसएमआर असल्याचं उघड झालं आणि जगभर ओरड झाली. त्यानंतर कंपनीनं सीएमआर मॉडेलं 'रेड प्लस' नावानं वेगळी काढली. तेव्हापासून मी बिलावर मॉडेल नंबर पूर्ण लिहून मागतो. 'चार टीबी हार्ड डिस्क' एवढ्यावर भागत नाही.

एसएमआर डिस्कवर उपाय नाही. मिररमधून काढा आणि रात्रीच्या बॅकअपला लावा. तिथं ती चांगली चालते.

आता सेटिंग

इथवर आलात आणि सगळं धडधाकट निघालं, म्हणजे एक ड्राइव्ह मुळातच हळू आहे एवढंच कारण उरलं. तर एमडीकडे त्यासाठी दोन सोयी आहेत.

पहिली, 'राइट-मोस्टली'. हळू ड्राइव्हवर ही खूण लावली की मिरर त्यावर लिहितो, पण वाचायला जात नाही. वेगवान ड्राइव्ह गेला किंवा वाचू देत नसेल तरच जातो. सकाळी चटकन उघडलेली फाइल दुपारी रेंगाळते हा त्रास यानं जातो. चालू मिररवरही लावता येते : सिस फोल्डरमध्ये त्या मिररच्या खाली प्रत्येक ड्राइव्हची 'स्टेट' नावाची फाइल असते, हळू ड्राइव्हच्या फाइलमध्ये 'राइटमोस्टली' हा शब्द जोडून लिहायचा. काढायचं असेल तर आधी वजाचं चिन्ह. एमडीस्टॅटमध्ये त्या ड्राइव्हपुढे कंसात 'डब्ल्यू' दिसला की लागली. मशीन एकदा रीस्टार्ट करून 'डब्ल्यू' टिकलाय का ते बघून घ्या. यात धोका जवळजवळ नाही, म्हणून मी ही खूण बिनदिक्कत लावतो.

दुसरी, 'राइट-बिहाइंड'. वेगवान ड्राइव्हवर लिहून झालं की मिरर प्रोग्रॅमला 'झालं' सांगून मोकळा होतो, हळू ड्राइव्ह मागून येतो. त्यासाठी तो ड्राइव्ह राइट-मोस्टली असावा लागतो आणि मिररला राइट-इंटेंट बिटमॅप हवा, म्हणजे कुठले भाग अजून जुळायचे बाकी आहेत त्याची नोंदवही. मागे राहू शकणाऱ्या लिखाणांची संख्या नेमून द्यायची असते, एमडी रेड सांभाळणाऱ्या 'एमडीएडीएम' कमांडचा मूळ आकडा २५६. ती संख्या भरली की मिरर पुन्हा दोघांसाठी थांबायला लागतो.

म्हणून याचा उपयोग फक्त झटक्यांना. टॅलीत व्हाउचर सेव्ह करताना खिडकी पांढरी पडणं जवळपास बंद होतं. ६४ जीबीचं कार्ड ओतताना काडीचा फरक पडत नाही, कारण २५६ लिखाणं पहिल्या काही क्षणांतच भरतात. आणि किंमतही समजून घ्या. हळू ड्राइव्ह मागे असताना नेमका वेगवान ड्राइव्ह गेला, किंवा लाइट जाऊन त्यातच तो मेला, तर 'झालं' असं सांगितलेल्या शेवटच्या नोंदी दुसऱ्या प्रतीत नसतील. यूपीएस नसलेल्या ठिकाणी मी हे लावत नाही. इन्व्हर्टर म्हणजे यूपीएस नव्हे, लाइट गेल्यावर बऱ्याच इन्व्हर्टरांवर मशीन रीस्टार्ट झालेलं पाहिलंय.

एक सावधगिरी दोन्हींसाठी. राइट-मोस्टली लावल्यावर हळू ड्राइव्ह रोजच्या वाचनात येत नाही, त्यामुळे तो आतून सडत असला तरी कळत नाही. महिन्याची ती रविवारची तपासणी आता आणखी महत्त्वाची, आणि एमडीएडीएमचा इशारा देणारा मेल खरंच पोचतो का ते चाचणी मेल पाठवून बघा. बहुतेक ठिकाणी तो सर्व्हरच्याच 'रूट'च्या पेटीत वर्षानुवर्षं पडलेला असतो.

एमडीऐवजी ड्राइव्ह जुंपायच्या इतर पद्धतींबद्दल थोडक्यात. एलव्हीएमचा मिरर असेल तर ह्याच दोन्ही सोयी 'एलव्हीचेंज'मधून मिळतात. झेडएफएस ही फाइलसिस्टिम स्वतःच मिरर करते; ती वाचताना फिरत्या डिस्कपेक्षा एसएसडीला आपणहून झुकतं माप देते, लिहिताना मात्र दोघांसाठी थांबते. बीटीआरएफएस या तशाच फाइलसिस्टिमच्या रेड १ मध्ये (म्हणजे मिररमध्ये) कुठल्या ड्राइव्हवरून वाचायचं हे मुळात प्रोसेस नंबरवरून ठरतं, म्हणजे एखादा प्रोग्रॅम नशिबानं हळू ड्राइव्हला चिकटतो आणि रीस्टार्ट केला की 'आपोआप बरा' होतो. असं काही बघितलं असेल तर ते भूत नव्हे.

हार्डवेअर बदलायचं ठरलं तर

माझं स्पष्ट मत : बहुतेक छोट्या ऑफिसांना एसएसडी आणि हार्ड डिस्कचा मिरर नकोच असतो. एसएसडी एकटी चालवा, हार्ड डिस्कवर दर रात्री 'आरसिंक' या प्रत काढणाऱ्या कमांडनं प्रत घ्या, जुन्या प्रती काही दिवस ठेवा. काम वेगात चालतं, आणि कुणी चुकून फोल्डर उडवलं तर कालचं परत मिळतं. मिरर तसं वाचवत नाही, तुम्ही पुसलेलं तो दोन्हीकडे इमानानं पुसतो. बदल्यात एसएसडी गेली तर त्या दिवसाचं काम जातं आणि पुन्हा उभं करायला काही तास लागतात.

तेवढेही तास परवडत नसतील, म्हणजे ३१ जुलैच्या आठवड्यातलं सीएचं ऑफिस, तर दुसरी एसएसडीच घ्या आणि दोन सारख्यांचा मिरर करा. फक्त दोन्ही एकाच दुकानातून, एकाच दिवशी, एकाच मॉडेलच्या घेऊ नका. मिररमध्ये दोघींवर अगदी सारखं लिखाण होतं, तेव्हा थकतीलही बरोबरच. आणि बॅकअप तरीही वेगळा.

इथे हात काढून घ्या

खालीलपैकी काहीही असेल तर स्वतः करणं थांबवा. मीही थांबतो.

ड्राइव्हमधून टिक-टिक किंवा खरखर येतेय : मशीन बंद करा, पुन्हा 'एकदाच बघू' म्हणून चालू करू नका. हेड तबकडीला घासत असेल तर दर मिनिटाला डेटा खरवडला जातो. हे डेटा रिकव्हरी लॅबचं काम आहे.

एक ड्राइव्ह मेलाय आणि उरलेल्यावर १९७ वाढतोय, आणि बॅकअप नाही. या अवस्थेत नवीन ड्राइव्ह घालून रीसिंक सुरू करणं म्हणजे आजारी ड्राइव्हला टोकापासून टोकापर्यंत पळवणं. आधी त्याची प्रतिमा, म्हणजे अख्ख्या ड्राइव्हची जशीच्या तशी प्रत, काढायला हवी. तो अनुभव नसेल तर जाणकाराकडे द्या.

मिरर जुळतच नाही, किंवा दोन्ही ड्राइव्हवरचा 'इव्हेंट्स'चा आकडा (मिररमधल्या बदलांची मोजणी, एमडीएडीएमच्या 'एक्झामिन' पर्यायात दिसते) वेगळा आहे. आकड्यात थोडा फरक असेल तर जाणकार माणूस बहुतेक वेळा जुळवून देतो. पण तुम्ही एमडीएडीएमचा 'क्रिएट' पर्याय वापरू नका. कुठल्यातरी उत्तरात लिहिलेलं असतं की यानं मिरर परत येतो. येतोही कधीकधी, आणि कधीकधी शिळ्या प्रतीवरून ताजी प्रत पुसून येतो. फाइलसिस्टिम दुरुस्त करणारी 'एफएससीके' सुद्धा तोवर चालवू नका. विंडोजला ड्राइव्ह जोडल्यावर तो 'इनिशियलाइज' करू का विचारतो, तिथे नाही म्हणा.

सर्व्हरमध्ये रेडचं वेगळं कार्ड असेल आणि ते 'फॉरिन कॉन्फिगरेशन', म्हणजे 'या ड्राइव्हवरची मांडणी माझी नाही', म्हणत असेल, तर उत्तर द्यायच्या आधी ज्यानं ते बसवलं त्याला फोन.

फोन करताना समोरच्याला हे तयार ठेवा : दोन्ही ड्राइव्हचे मॉडेल आणि सिरीयल नंबर, एमडीस्टॅटचा फोटो, दोन्हींवरचं एमडीएडीएम 'एक्झामिन' आणि स्मार्टचं पूर्ण आउटपुट, ड्राइव्ह बाहेर पडल्याची तारीख, आणि त्यानंतर तुम्ही काय काय करून बघितलं ते सगळं, क्रमानं. शेवटचं लोक लाजून लपवतात. लपवू नका, मला ते शोधून काढायला दोन तास लागतात आणि ते बिलात येतात.